डॉक्टरांनी न पाहिलेली चीर

डॉक्टरांबद्दल काहीतरी लिहून द्या, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं आणि दर वेळी मी काही ना काही कारण काढलं. गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर बदललाय, घरात पुतणीचं लग्न आहे. एकदा तर सांगितलं की, सगळी नोकरी रायपुरात झाली, कचेरीत सगळं हिंदीत, आता मराठी लिहायचा हात राहिला नाही. हे कारण अर्धं खरं होतं म्हणून तेच जास्त वेळा वापरलं.

मागच्या हिवाळ्यात तेलीबांध्याच्या तलावाकाठी बाकावर बसलो होतो. हल्ली तिथे रविवारी सकाळी तरुण मुलं-मुली चित्रं काढायला येतात. त्यातला एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता, "अरे, पुराने ग्रुप में एक जानवरों के डॉक्टर थे. सबको डाँटते थे, जो दिखे वही बनाओ. और गिरजे की इतनी बड़ी दरार उन्हीं को नहीं दिखी!" दोघंही हसले. त्यात वाईट काही नव्हतं, ऐकलेली गंमत ते एकमेकांना सांगत होते. मी उठलो, तलावाला एक चक्कर मारली, त्यांना काय सांगायचं ते मनात जुळवलं. परत आलो तेव्हा मुलं निघून गेली होती.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही मी पुन्हा पुन्हा उठतो आहे. सूनबाई विचारते, "बाबा, काहून येरझारा घालून राहिले?" काय सांगणार? लिहितोच एकदाचं.

डॉक्टर गुरांचे डॉक्टर होते. सरकारी नोकरीत सगळं छत्तीसगढ पालथं घातलेला माणूस. मूळचे विदर्भातले, बोलणं तिकडचंच. निवृत्त झाले, त्याच सुमारास राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झाली. जिकडे पाहावं तिकडे खोदकाम सुरू होतं. जुन्या बंगल्यांवर खात्यांच्या नव्या पाट्या लागत होत्या, रस्ते रुंद होत होते. डॉक्टर म्हणायचे, "नवं राज्य आलं का पहिले जुन्यालेच हात लावतेत. जे उभं आहे ते काढून ठेवा." एवढ्यावर त्यांनी रविवारची मंडळी जमवली. कुठे सभा नाही, वर्गणी नाही. चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, जो भेटेल त्याला विचारायचे, "पेन्सिल धरता येते ना? मग रविवारी सात वाजता या."

मला त्यांनी भाजीच्या दुकानात धरलं. मी सरकारी बांधकाम खात्यात नक्शानवीस, म्हणजे इमारतींचे नकाशे काढणारा, होतो, तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. ते कळल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "म्हणजे रेघ सरळ येत असंन. वाईट झालं. पण या."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'नक्शेवाले' झालो. नावानं त्यांनी मला कधीच हाक मारली नाही.

आम्ही बहुतेक वेळा एका जुन्या गिरजाघराचं चित्र काढायचो. मिशनच्या काळातली वास्तू. विटांची, वर्षानुवर्षं चुन्याचे हात बसलेली, छपरावर खपऱ्यांचा, म्हणजे कौलांचा, उतार, टोकदार कमानींच्या लांबट खिडक्या, बाहेरून भिंतींना दिलेले जाडजूड टेकू. समोर रस्त्याच्या बाजूला द्वारमंडप आणि त्यावर घंटेचा चौकोनी मनोरा. मनोरा फार उंच नव्हता, पण त्या रस्त्यावर शेजारी बैठी दुकानंच असल्यानं लांबून दिसायचा.

पहिल्या दिवशी मी घडीचं स्टूल उघडून समोर बसलो. डॉक्टरांनी मला उठवलं.

"म्हैस घ्याले गेले तं समोरून तोंड पाहून घेता काय? चारी बाजूनं फिरा पहिले. मागून पाहा. कुठं टेकून उभी आहे, कोणत्या पायावर भार देते, ते पाहा."

मग स्वतः निघाले. खाकी अर्धी चड्डी, कोपऱ्यावर विरलेला पांढरा शर्ट. चित्राचा फळा त्यांनी बैलाच्या दाव्यानं गळ्यात अडकवलेला असे, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पेन्सिली इंजेक्शनच्या स्टीलच्या डब्यात. भिंतीपाशी जाऊन त्यांनी टेकूवर थाप मारली, मग तळहात ठेवून उभे राहिले. मग कान लावला. तेवढ्यात पादरी साहेब बाहेर आले. हसतमुख, ठेंगणे गृहस्थ, इकडच्याच गावाकडचे.

"क्या देख रहे हो डॉक्टर साहब?"

"तपास रहा हूँ."

"हमर गिरजा गाभिन हे का?"

डॉक्टर बिलकूल हसले नाहीत. म्हणाले, "नहीं. तबियत अच्छी है. चार पैर पे बराबर खड़ी है." पादरी साहेबांनाच हसू आवरेना. त्या दिवसापासून आवारातल्या झाडाखाली आमच्यासाठी पाण्याचा माठ ठेवलेला असे.

डॉक्टर कधी बसायचे नाहीत. एक रेघ ओढली की चालू पडायचे, पाच-दहा पावलं जाऊन परत यायचे, दुसरी रेघ. कधी भिंतीला हात लावून येत, कधी रस्ता ओलांडून पलीकडून बघत. स्नेहल नावाची मुलगी आमच्यात होती, वास्तुकलेच्या कॉलेजात शिकणारी. घरी मराठी, पण तोंडात हिंदी. ती एकदा म्हणाली, "अंकल, आप एक जगह खड़े क्यों नहीं रहते? देखके चक्कर आता है."

"अवं पोट्टी, जनावर थोडंच उभं राह्यते एका जागी?"

"पर ये तो बिल्डिंग है."

"हव? मग सकाळपासून ते सावली कोण हलवून राहिलं?"

खोडरबराला बंदी. कोणाकडे दिसला की ते खिशात टाकायचे आणि जाताना परत द्यायचे. "टाका चुकीच्या जागी पडला तं गाईच्या अंगावरून खोडता का? नाई ना? मग पाहूनच टाका." दिसतं ते सगळं काढायचं, नको ते गाळायचं नाही, नाही ते घालायचं नाही, हा त्यांचा एकच नियम. माझ्या पहिल्या चित्रात गिरजाघरासमोरचा विजेचा खांब नव्हता. चित्राला शोभत नाही म्हणून मी तो वगळला होता. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, समोर पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"नक्शेवाले, खांब चोरीले गेला काय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी गेल्यावर तो कागद मी फाडला.

ते स्वतः सगळं काढायचे. तारा, तारांवर अडकलेली पतंगाची काडी, प्रार्थनेच्या वेळी पायऱ्यांवर काढून ठेवलेल्या चपला. आत कधी गेले नाहीत. पादरी साहेब आग्रह करायचे, तर म्हणायचे, "आतलं तुम्ही पाहून घ्या. माझं काम बाहेरचं."

आता त्यांची ती पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं.

मध्ये चहा व्हायचा. चहानंतर प्रत्येकानं आपला फळा उजवीकडच्या माणसाला द्यायचा आणि डावीकडच्याचा आपण घ्यायचा. उरलेला वेळ दुसऱ्याच्या कागदावर काम करायचं. त्याला जे दिसलं नाही आणि आपल्याला दिसतंय, तेवढंच त्यात भरायचं. याला डॉक्टर 'दुसरं मत' म्हणायचे. "एकट्या डॉक्टरनं तपासलेलं जनावर मले पसंत नाई. दुसऱ्याले दाखवलं का चूक पकडली जाते." म्हणून कागदावर कोणी सही करत नसे. आणि आपला कागद त्या दिवशी परत बघायचा नाही. "टाके घातल्यावर लगेच पट्टी उघडत नसतेत." सगळे कागद स्नेहल नळीत गुंडाळून घरी न्यायची.

बाहेरच्या माणसाला ही पद्धत विचित्र वाटेल, पण आम्हाला तिची चटक लागली होती. दुसऱ्याच्या डोळ्यांनी सुरू झालेलं चित्र आपल्या डोळ्यांनी पुरं करायचं, यात एक वेगळाच विश्वास असतो. मी त्याच विश्वासावर घाव घातला.

नाताळ जवळ आला होता. त्या रविवारी सकाळी डॉक्टरांनी मला पुन्हा सगळ्यांसमोर धरलं. माझ्या कमानी फार सारख्या आल्या होत्या. "पाहा, नक्शेवाल्यानं एक खिडकी काढली आन् बाकीच्या छापल्या." कोणीतरी म्हणालं, "सरकारी आदमी हैं, फोटोकॉपी कर दी." मी हसलो नाही. चहा गार होईपर्यंत पेला हातात धरून उभा राहिलो.

चहानंतर डॉक्टरांचा फळा माझ्याकडे आला. त्यांनी घंटेचा मनोरा काढला होता. खांब, तारा, कबुतरांची घाण, सगळं होतं. डाव्या कोपऱ्याची भिंत मात्र त्यांनी जवळजवळ कोरी ठेवली होती. मी वर पाहिलं. पावसाळ्यात मनोऱ्याच्या वळचणीखाली पिंपळाचं रोप उगवलं होतं, ते कोणीतरी उपटून काढलं होतं आणि तिथून ओल झिरपून भिंतीवर एक तपकिरी ओघळ आला होता. इतका फिका की ऊन बदललं की दिसेनासा व्हायचा. डॉक्टर रेघ ओढायला आले तेव्हा ऊन समोरून होतं, त्यांना तो दिसला नसणार.

मला दिसला. पेन्सिलीची पहिली रेघ मी ओघळासाठीच ओढली. पण नोकरीभर दुरुस्तीच्या कागदांवर मी चिरा काढत आलो होतो. पाया खचला की विटांच्या भिंतीत चीर कशी येते, सांध्यासांध्यातून पायरी पायरीनं कशी उतरते, हे माझ्या बोटांना पाठ होतं. ओघळ हळूहळू चीर होऊ लागला. हे मला कळलं, आणि मी थांबलो नाही. उलट खिडकीच्या कोपऱ्यापाशी ती जराशी रुंद केली, जशी खरी चीर होते. त्यांना जे दिसलं नाही ते मला दिसलं, हे त्या कागदावर राहावं, एवढंच तेव्हा मनात होतं.

स्नेहलनं कागद गोळा करताना पाहिला. "वाह काका! अब इसमें जान आई."

डॉक्टर रस्त्यापलीकडे एका कुत्र्याच्या पायातला काटा काढत होते. नियमाप्रमाणे त्यांनी कागद पाहिला नाही.

पुढच्या आठवड्यात नाताळची सफेदी झाली. दर वर्षी व्हायची. सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र, ओघळ चुन्याखाली गेला.

नव्या वर्षात एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. शहरातले बरेच लोक आले. त्यात एक इंजिनियर होते, रस्ता रुंदीकरणाच्या कामावरचे. पूर्वी माझ्याच खात्यात होते, माझ्यापेक्षा वयानं लहान, पदानं कितीतरी वर. त्या कागदापुढे थांबले आणि मागे वळले.

"ये किसने बनाया है?"

"हम सबका है," स्नेहल म्हणाली आणि तिनं 'दुसरं मत' समजावून सांगितलं. मनोरा डॉक्टरांचा, शेवटचं काम माझं.

"सर, आपका?" इंजिनियर माझ्याकडे बघत म्हणाले. नोकरीत असताना त्यांनी मला सर म्हटलेलं मला आठवत नाही. "ये तो नींव बैठने की दरार है. आपने खुद देखी?"

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी कागद बघितला, अगदी जवळ जाऊन, मग लांबून, मग पुन्हा जवळून. हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या. मग माझ्यापुढे उभे राहिले.

"नक्शेवाले, मले तं हे नाई दिसली."

मी कागदावरच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही पाहिली?"

पादरी साहेब तिथेच होते. स्नेहल होती. इंजिनियर वाट बघत होते. सगळी नोकरी मी दुसऱ्यांनी पाहिलेल्या चिरा काढल्या. साहेब जागेवर जाऊन यायचे, मोजमाप टेबलावर टाकायचे आणि मी रेघा ओढायचो. तू काय पाहिलंस, असं मला कधी कोणी विचारलं नव्हतं.

"पाहिली," मी म्हणालो. "वळचणीखालून निघून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत. पायरी पायरीनं उतरली होती."

डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला नाही. हातातच धरून ठेवला.

मला वाटलं होतं, आता तपासणी होईल, ठोकून बघतील, काही सापडणार नाही आणि विषय संपेल. ती स्वतःची समजूत होती. खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला इतकं तर माहीत असतं की, रस्त्याला जागा हवी असताना भिंत धड आहे हे शोधायला कोणी शिडी लावत नाही. गिरजाघराची मंडळी रस्त्यासाठी मनोरा द्यायला आधी तयार नव्हती. पण चिरेचं कळल्यावर पादरी साहेबच खचले. म्हणाले, "रविवार को बच्चे ठीक उसी के नीचे से दौड़ते हैं. कुछ हो गया तो मैं किसको मुँह दिखाऊँगा?" त्यांनी होकार दिला. त्यांना फसवलं ते रस्त्यानं नाही, मी.

त्यानंतर एके दिवशी डॉक्टर मला घेऊन त्यांच्याकडे गेले. मी का गेलो? नाही म्हणायला कारण सुचलं नाही म्हणून. आवारात उभं राहून डॉक्टरांनी हात जोडले.

"पादरी साहब, मेरे से चूक हो गई. इतने दिन से देख रहा था, मैंने बोला था तबियत अच्छी है. बच्चे नीचे से जाते रहे और मेरे को नहीं दिखा. माफ कर दो."

"अरे डॉक्टर साहब, आप क्यों..." पादरी साहेबांनी त्यांचे हात धरले. मी शेजारी उभा होतो. माझी माफी दुसरा माणूस माझ्यादेखत मागत होता, आणि मी तिला साक्षी होतो.

मग डॉक्टर म्हणाले, "चाला, डोळे दाखवून येऊ." समता कॉलनीत एक डोळ्यांचे डॉक्टर बसायचे. मीच रिक्षा केली. तपासून ते म्हणाले, "मोतियाबिंद की बस शुरुआत है दादा, इस उमर में सबको होता है. अभी कुछ करना नहीं है."

"शुरुआत है ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाँ, पर..."

"बस."

बाहेर फुटपाथावर आल्यावर ते वर पाहत थांबले. खांबावरच्या तारा बोटानं दाखवत गेले. ही जाड, ही बारीक, हिच्यावर मैना बसली आहे. मला स्वतःला ती मैना उडाल्यावर दिसली.

"तारा तं दिसून राहिल्या मले," ते म्हणाले. "मग चीर काहून नाई दिसली हो नक्शेवाले?"

रस्त्यावर आम्ही दोघंच. प्रश्न सरळ मलाच होता. इतक्या वर्षांनी मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा उलगडून बघतो आणि दर वेळी मी तेच उत्तर देतो जे तेव्हा दिलं.

"वय झालं, डॉक्टरसाहेब."

त्यांनी मान हलवली. "हव," म्हणाले. "तसंच असंन."

त्यानंतर रविवारी ते आले नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो तर पेन्सिलींचा डबा स्नेहलच्या हातात दिला. "मी सांगत होतो जे दिसते तेच काढा. आता मलेच दिसत नाई, तं कोणत्या तोंडानं सांगू?" स्नेहल रडली. घरी परतताना तिनं मला विचारलं, "काका, दरार सच में थी ना? मैं तो दूसरी तरफ बैठी थी." मी म्हणालो, "होती ना." या खोट्याचीही आता सवय झाली होती, ते पटकन निघालं. मंडळी थोडे दिवस जमली, मग पांगली.

मनोरा पाडताना मी रस्त्यापलीकडे उभा होतो. डॉक्टरांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. घंटा आधीच उतरवून आत ठेवली होती. मजुरांनी डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पहार आपटून परत येत होती. एक जण ओरडला, "कइसे जमे हे गा, टूटत नइ हे!" विटा सुट्या निघतच नव्हत्या, पाच-सहा एकत्र, चुन्यासकट, ढेकळासारख्या येत होत्या. चुन्याचा पापुद्रा गेल्यावर तो कोपरा आतून दिसला. सांधे भरलेले, एका ओळीत, कुठे केसभर फट नाही. माझ्यासारख्या माणसाला हे लांबूनही कळतं. तिथून डॉक्टरांचं घर पायी जाण्याइतकं जवळ होतं. मी निघालो. चौकापर्यंत गेलो. तिथे भाजी घेतली आणि घरी आलो.

नंतर डॉक्टर मुलाकडे अभनपूरला राहायला गेले. मुलाचं तिथे बी-बियाण्यांचं दुकान. मी बसनं गेलो, सांगायचंच असं ठरवून. वाटेत वाक्य तयार केलं, बदललं, पुन्हा केलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "तबियत ठीक हे बबा?" इतकी चुळबुळ चालली होती माझी.

डॉक्टर अंगणात होते. मला पाहून पुढेच आले. "आले का नक्शेवाले! बस खराब होती ना?" सुनेला हाक मारून चहा सांगितला. शेजारचा एक शेतकरी गाय घेऊन आला होता. डॉक्टरांनी तिला तपासलं, पण डोळे मिटून. हातानं बरगड्या, पोट, खुर.

"डोळे मिटून का?" मी विचारलं.

"डोळ्याचा भरवसा नाई राहिला. हात खोटं बोलत नाई."

मग गाय गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना असं स्वस्थ बसलेलं मी तेव्हा प्रथमच पाहिलं. बसले आणि बसूनच राहिले. म्हणाले, "एक गोष्ट सांगायची होती तुम्हाले. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

"कसले उपकार?"

"तुम्ही त्या दिवशी हॉलमध्ये खरं बोलले नसते तं मी आंधळा तसाच पोरांले शिकवत राहिलो असतो. दुसरा कोणी मित्र म्हणून गप्प बसला असता. तुम्ही मुलाहिजा ठेवला नाई. दुसरं मत म्हणजे हेच ना?"

सून चहा घेऊन आली. मी बशीत चहा ओतला आणि तो सांडला. "अवं, फडकं आण," डॉक्टर म्हणाले. त्या फडक्याच्या, चहाच्या, पुन्हा भरलेल्या पेल्याच्या गडबडीत बोलायची वेळ आली आणि गेली. खरं सांगायचं तर गडबड नव्हतीच. त्यांचा चेहरा समाधानी होता. नजर गेली, पण का गेली ते कळलं, आणि एका माणसानं तोंडावर खरं सांगितलं, या दोन गोष्टींवर ते टेकून उभे होते. त्यातली एक मी काढून घेतली तर ते कशावर उभे राहतील, असं मी मनाशी म्हणालो. आज वाटतं, ती त्यांची काळजी नव्हती. मला उपकारकर्ता म्हणून परत जायचं होतं.

निघताना ते बसपर्यंत आले. "पुढच्या खेपेले मुक्कामाले या." मी हो म्हटलं. पुढची खेप झाली नाही. जायचं ठरवायचो, सकाळी कपडे करायचो, आणि मग गुडघे दुखायला लागायचे.

ते गेल्याचा निरोप मुलानं फोनवर दिला. तेरवीला मी गेलो. पंगत बसण्याआधी मुलगा म्हणाला, "काका, बाबूजी आपका बहुत नाम लेते थे. दो शब्द बोल दीजिए." अंगणात बरीच माणसं होती. आजूबाजूच्या गावांतून आलेले शेतकरी, काही जुने सहकारी, मागे पादरी साहेब, खूप थकलेले, काठी टेकून. स्नेहलही आली होती, नवऱ्याबरोबर. सगळे माझ्याकडे पाहू लागले. ऐकायला हवीत ती सगळी माणसं एका जागी होती, फक्त ज्याला सांगायचं तो नव्हता. तरीही सांगता आलं असतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "डॉक्टरांचा हात फार चांगला होता." लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बसलो.

मला म्हणायचं होतं ते असं: डॉक्टरसाहेब, त्या भिंतीवर चीर नव्हती. ओल उतरली होती, तिची चीर मी केली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो, फुटपाथावर पुन्हा बोललो. तुमचे डोळे बरोबर होते. मला माफ करा.